परवाना कोणाच्या नावाने?

गोव्यातल्या कोणत्याही सरकारी कार्यालयातला परवान्याचा अर्ज घ्या. तो मद्यविक्रीचा असो, औषधांच्या दुकानाचा असो, खाणावळीचा असो अथवा पर्यटकांना खोल्या देण्याच्या व्यवसायाचा असो. त्यात एक रकाना अगदी वरच्या बाजूला हमखास असतो : अर्जदाराचे नाव. खालच्या रकान्यांसाठी अर्जदार वकिलाकडे धावतो, जागेचा नकाशा काढवून घेतो, पंचायतीचा ना हरकत दाखला मिळविण्यासाठी चपला झिजवितो. हा रकाना मात्र तो उभ्या उभ्या, क्षणभरही न थांबता भरून टाकतो. घरातला कर्ता पुरुष आपले नाव लिहितो आणि मोकळा होतो. त्या एका ओळीने आपल्या धंद्याचे पुढच्या तीस वर्षांचे भवितव्य ठरून गेले, याची त्याला जाणीव नसते; आणि ती करून देणे हे आपले काम आहे, असे सहसा टेबलापलीकडच्या माणसालाही वाटत नाही.

धंद्याचे कायदेशीर स्वरूप कोणते असावे, एकट्याची मालकी की भागीदारी, भागीदारी की कंपनी, हा विचार बड्या भांडवलदारांनी करावयाचा, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. आमचे मत नेमके उलट आहे. बड्यांच्या पदरी सल्लागारांचा ताफा असतो. एखादा निर्णय चुकला तर तो निस्तरण्याइतके द्रव्य व वेळ त्यांच्यापाशी असतो. लहान व्यावसायिकाला दुसरी संधी क्वचितच मिळते. त्यातही ज्याची भाकरी परवान्यावर अवलंबून आहे, त्याने तर हा विचार सर्वांच्या आधी करावयास हवा. कापडाचा व्यापारी वारला, तर त्याचा मुलगा तेराव्यानंतर दुकानाची फळी काढतो आणि व्यवहार पुढे सुरू होतो. मद्यविक्रेत्याच्या किंवा औषधविक्रेत्याच्या मुलाला तसे करता येत नाही. माल तोच, दुकान तेच, गिऱ्हाईकही तेच. परंतु ज्याच्या नावाने परवाना होता तो माणूस नाही, म्हणून कालपर्यंत कायदेशीर असलेली विक्री आज गुन्हा ठरण्याचा संभव असतो.

याचे मूळ परवान्याच्या स्वभावातच आहे. परवाना म्हणजे शासनाने एका ठरावीक व्यक्तीला, ठरावीक जागी, ठरावीक अटींवर दिलेली मुभा. दुकानाची जागा विकता येते, माल वाटून घेता येतो, भांडीकुंडी मोजता येतात. मुभा मात्र अशी वाटून घेता येत नाही. ती पुढे कोणाला मिळावी, मिळावी की नाही, हे त्या त्या कायद्याने ठरते, आणि प्रत्येक कायद्याचे म्हणणे निराळे असते. औषधांच्या विक्रीला लागू असलेल्या १९४५ च्या नियमांचेच उदाहरण घ्या. परवानाधारक पेढीच्या घटनेत बदल झाला, म्हणजे भागीदार आला, गेला अथवा वारला, तर चालू परवाना त्या दिवसापासून जास्तीत जास्त तीन महिने वैध राहतो. तेवढ्या मुदतीत बदललेल्या पेढीच्या नावाने नवा परवाना घ्यावा लागतो. अन्नपदार्थांच्या परवान्यासंबंधीच्या २०११ च्या विनियमांत परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसांना काही काळ धंदा चालविण्याची सोय ठेवली आहे. परंतु परवाना मुदतीत आपल्या नावाने करून घेणे त्यांनाही चुकत नाही. गोव्यातल्या मद्याच्या परवान्यांना १९६४ चा अबकारी कायदा व त्याखालचे नियम लागू आहेत, तर पर्यटनव्यवसायाच्या नोंदणीला १९८२ चा कायदा. वस्तू व सेवा कराची नोंदणी मालकाच्या आयकर क्रमांकाशी जखडलेली असल्याने एकट्या मालकाच्या मृत्यूनंतर वारसाला तीही नव्याने करावी लागते. एका खानावळीसाठी असे चार-पाच कागद लागतात आणि मालकाचे डोळे मिटले की ते सगळे एकाच दिवशी पांगळे होतात.

हा काल्पनिक धोका नव्हे. मयत परवानाधारकाच्या नावाने झालेल्या मद्यपरवान्याच्या नूतनीकरणावरून २०२२ साली गोव्यात केवढे वादळ उठले होते, ते वाचकांच्या स्मरणात असेल. त्या प्रकरणाच्या राजकारणात आम्हाला येथे शिरावयाचे नाही. परंतु माणूस गेल्यानंतरही परवाना त्याच्याच नावावर राहू शकतो आणि पुढे तोच कलहाचे कारण होतो, ही गोष्ट त्या निमित्ताने घरोघर पोहोचली. त्यापासून जो धडा घ्यावयाचा, तो किती परवानाधारकांनी घेतला?

आता या प्रश्नाची दुसरी, अधिक अंधारी बाजू पाहू. परवाना एकाचा, पैसा दुसऱ्याचा आणि नफा दोघांचा, हा प्रकार आपल्या किनाऱ्याला नवा नाही. स्थानिक म्हणून ज्याला परवाना मिळतो त्याच्यापाशी भांडवल नसते. ज्याच्यापाशी भांडवल असते त्याला परवाना मिळत नाही. मग मुद्रांकाच्या कागदावर एक करारनामा होतो, तो कपाटात जातो आणि धंदा सुरू होतो. हा कागद आपले रक्षण करील अशी उभयतांची श्रद्धा असते. न्यायालयांनी मात्र ती श्रद्धा फार पूर्वीच मोडीत काढली आहे. १९५० च्या सुमारास मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने आणि पुढे बिहारीलाल जयस्वाल यांच्या खटल्यात, १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या निवाड्याने, सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा स्पष्ट केला. ज्या परवान्याचे हस्तांतर करण्यास वा त्यात परवानगीवाचून भागीदार घेण्यास मनाई आहे, तो परवाना घेऊन एकाने दुसऱ्याशी भागीदारी केली, तर ती भागीदारीच कायद्याच्या दृष्टीने शून्य ठरते. कारण उघड आहे. भागीदारी झाली की परवाना सर्वांच्या उपयोगाची वस्तू होते. म्हणजेच मनाई असलेले हस्तांतर आडवाटेने घडते. अशा कराराचा परिणाम असा की भांडवल घालणाऱ्याला भागीदार म्हणून हिशेब मागण्यास न्यायालयाचे दार उघडत नाही, आणि परवानाधारकाचा परवाना अटींच्या भंगापायी धोक्यात येतो. दोघेही बुडतात, फरक एवढाच की एक पैशाने बुडतो आणि दुसरा नावाने. पुष्कळदा हा बुडणारा दुसरा इसम गावातलाच असतो.

तेव्हा पहिला नियम असा की, धंद्यात जे कोणी खरोखर असणार आहेत, त्यांनी परवाना मागण्यापूर्वी एकत्र बसावे, आपल्या संबंधाला कायद्याचे रूप द्यावे आणि त्या रूपाच्या नावाने परवाना मागावा. परवाना आधी आणि स्वरूप मागाहून, हा क्रम घातक आहे. नंतर स्वरूप बदलावयाचे म्हटले की पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क, पुन्हा दाखले. आणि ज्या काळात पहिला परवाना मिळाला त्यानंतर नियम कडक झाले असतील, शाळा-देवळापासूनचे अंतर मोजण्याचे निकष बदलले असतील, तर दुसरा परवाना मिळेलच याची शाश्वती कोणी द्यावी?

मग रूपे तरी कोणती? सर्वांत सोपे रूप एकल मालकीचे. त्याला निराळी नोंदणी नको, खर्च नाही, हिशेबाचा फार बडेजाव नाही. ज्याचा व्याप लहान आहे, कर्ज नाही आणि ज्याच्या मागे तो धंदा चालविणारे कोणी नाही, त्याला ते पुरेसे आहे. पण त्यात माणूस आणि धंदा यांच्यामध्ये भिंत नसते. धंद्याचे कर्ज हे त्याचे स्वतःचे कर्ज. ते फिटले नाही तर राहत्या घरापर्यंत पोहोचते. आणि माणूस गेला की धंदा कायद्याने त्याच क्षणी थांबतो.

दुसरे रूप भागीदारीचे. १९३२ च्या कायद्याने तिची नोंदणी सक्तीची केलेली नाही, म्हणून अनेक जण ती करीत नाहीत. परंतु त्याच कायद्याच्या ६९ व्या कलमामुळे नोंदणी नसलेल्या पेढीला करारातून उद्भवलेल्या हक्कासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही, हे त्यांना उधारी बुडाल्यानंतर कळते. शिवाय प्रत्येक भागीदार पेढीच्या संपूर्ण देण्याला जबाबदार असतो; भावाने केलेले कर्ज भावाला फेडावे लागते. मृत्यूच्या बाबतीत ४२ वे कलम सांगते की, करारात निराळे ठरले नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते. ‘करारात निराळे ठरले नसेल तर’ या शब्दांवर भिस्त ठेवून करारनाम्यात पेढी चालू राहील असे एक वाक्य घातले जाते. तीन भागीदार असतील तर त्या वाक्याचा उपयोग आहे. दोघेच असतील तर नाही. कारण एक गेल्यावर उरलेल्या एकट्याची भागीदारी होणार तरी कोणाशी? सर्वोच्च न्यायालयाने १९६५ सालीच हे सांगून ठेवले आहे. आपल्याकडच्या किती पेढ्या दोघा भावांच्या वा दोघा मित्रांच्या आहेत, हे प्रत्येकाने आपल्या गावच्या बाजारात जाऊन मोजावे. आणि मागे राहिलेले वारस अज्ञान असतील, तर त्यांना पूर्ण भागीदार होता येत नाही. फार तर नफ्याच्या लाभापुरते सामावून घेता येते.

तिसरे रूप मर्यादित दायित्वाच्या भागीदारीचे, ज्याला व्यवहारात ‘एलएलपी’ म्हणतात. २००८ चा हा कायदा २००९ पासून अमलात आहे. यात संस्था ही कायद्याने स्वतंत्र व्यक्ती असते. भागीदार येतात, जातात, वारतात, संस्था राहते. परवाना त्या संस्थेच्या नावाने असेल तर माणसाच्या मृत्यूने परवानाधारक मरत नाही, आणि आमच्या मते हाच तिचा सर्वांत मोठा गुण. भागीदारांची जबाबदारी साधारणतः त्यांनी घातलेल्या भांडवलापुरती असते. मात्र भागीदार दोनाहून कमी होऊन सहा महिन्यांहून अधिक काळ लोटला आणि उरलेल्याने जाणूनबुजून तसाच धंदा चालू ठेवला, तर तो वैयक्तिक जबाबदार ठरतो. दरवर्षी दोन विवरणपत्रे भरावी लागतात. उलाढाल ४० लाख रुपयांहून अथवा भांडवल २५ लाखांहून अधिक झाले तर हिशेबतपासणीही आवश्यक होते.

चौथे रूप कंपनीचे. दोघांची खासगी कंपनी पूर्वीपासून होती. २०१३ च्या कायद्याने एका व्यक्तीच्या कंपनीचीही वाट खुली केली. एकव्यक्ती कंपनी स्थापन करतानाच आपल्या पश्चात सभासद कोण होणार त्याचे नाव, त्याच्या संमतीसह, लिहून द्यावे लागते. परवान्याच्या अर्जात जो प्रश्न कोणी विचारीत नाही, तो येथे कायदाच विचारतो. कंपनीला हिशेबतपासणी चुकत नाही, वार्षिक पत्रके चुकत नाहीत, आणि त्यांचा खर्च लहान दुकानाच्या नफ्याला जाणवतो हे खरे आहे. तसेच कंपनी केली म्हणजे सर्व जबाबदारीतून सुटका झाली, असेही कोणी समजू नये. बँक कर्ज देताना संचालकाची वैयक्तिक हमी मागते. आणि भेसळीच्या वा बनावट औषधाच्या गुन्ह्यात कंपनीबरोबर तिचा कारभार पाहणारा माणूसही आरोपी होतो. कंपनी उधारीपासून आडोसा देते. अप्रामाणिकपणाला आडोसा देत नाही, आणि देऊही नये.

येथवर सांगितले ते कोणत्याही राज्याला लागू आहे. गोमंतकीयाला मात्र यापुढे आणखी एक पाऊल टाकावे लागते, आणि बाहेरचा सल्लागार नेमका तेथेच चुकतो. गोवा १९६१ साली मुक्त झाला. परंतु पोर्तुगीज काळातला नागरी कायदा कुटुंब व वारसा यांच्या बाबतीत पुढेही चालू राहिला, आणि वारशापुरती त्याची जागा घेणारा २०१२ चा गोव्याचा कायदा डिसेंबर २०१६ पासून अमलात आला तरी मूळ तत्त्वे तीच राहिली. विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर पति-पत्नींची मालमत्ता सामाईक असते आणि तिच्यात प्रत्येकाचा निम्मा हिस्सा असतो. मृत्युपत्रानेही माणसाला आपल्या वाट्याचा साधारणतः निम्मा भागच मर्जीप्रमाणे देता येतो, उरलेला मुलाबाळांचा. शेजारच्या बेळगावात वा सिंधुदुर्गात पत्नीला नवऱ्याच्या हयातीत असा निम्मा हिस्सा आपोआप मिळत नाही. गोमंतकीयाची मालमत्ता राज्याबाहेर असली तरी तिला गोव्याचाच वारसाकायदा लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये ठरविले आहे.

करआकारणीनेही या सामाईकपणाची दखल घेतली. १९९४ साली १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात कलम ५अ घालण्यात आले, आणि तेही १ एप्रिल १९६३ पासून लागू समजून. पगाराखेरीजचे उत्पन्न पति-पत्नींमध्ये निम्मेनिम्म वाटून प्रत्येकावर स्वतंत्र आकारणी करावी, असे ते सांगते. १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख असलेल्या २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यातही ही तरतूद राखली आहे. याचा अर्थ एका उदाहरणाने कळेल. समजा, एकल मालकीच्या खानावळीचा वर्षाचा निव्वळ नफा १६ लाख रुपये आहे आणि पति-पत्नींना दुसरे उत्पन्न नाही. तो प्रत्येकी ८ लाख असा वाटला जातो. आणि २०२५-२६ या आर्थिक वर्षी नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर निवासी व्यक्तीला कर द्यावा लागत नव्हता. हाच नफा भागीदारी पेढीत वा एलएलपीत राहिला, तर भागीदारांचे मान्य वेतन व व्याज वजा जाता उरलेल्या रकमेवर पेढीला पहिल्या रुपयापासून ३० टक्क्यांनी कर, वर उपकर. कंपनीला २२ टक्क्यांचा पर्याय आहे, पण तिच्यातून लाभांश काढला की तो सभासदाच्या हाती पुन्हा करपात्र होतो. म्हणजे आजच्या करापुरते पाहिले तर गोव्यात एकल मालकी पुष्कळदा स्वस्त पडते. उद्याच्या वारशाकडे पाहिले तर तीच महाग पडते. निवड कठीण होते ती येथे. आणि करसल्लागार पहिला हिशेब सांगतो, दुसरा सांगत नाही.

त्या दुसऱ्या हिशेबात सर्वाधिक गमावते ती पत्नी. ती स्वयंपाकघर सांभाळते, गल्ल्यावर बसते, भट्टीवरच्या माणसांची मजुरी चुकती करते. नागरी कायदा तिला निम्मी मालकीण म्हणतो, प्राप्तिकर कायदा तिला निम्म्या उत्पन्नाची धनीण म्हणतो. परवान्यावर मात्र तिचे नाव नसते. नवरा गेल्यावर ती वारस म्हणून अर्ज करते, तेव्हा मुलगे, सुना, जावई या सर्वांच्या संमतीची पत्रे मागितली जातात. एकाने अडवून धरले की प्रकरण इन्व्हेंटरीच्या दाव्यात जाते. दावा सुटेपर्यंत परवान्याचे वर्ष ३१ मार्चला संपते, पुन्हा संपते. निम्म्या धंद्याची मालकीण बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहते. ज्या कायद्याचा आपण देशभर अभिमानाने उल्लेख करतो, त्याने दिलेले अर्जाच्या एका रकान्याने हिरावून न्यावे, याहून मोठी विसंगती कोणती?

कंपनी किंवा एलएलपी केली म्हणून वारसाहक्क बदलतो असे नाही. भागसुद्धा सामाईक मालमत्तेतच मोडतात. नामनिर्देशित व्यक्ती भागांची अंतिम मालक होत नाही, वारसाकायदाच श्रेष्ठ राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. फरक इतकाच, पण तो फार मोठा आहे, की वारस भागांसाठी भांडत असताना दुकान उघडे राहते, नोकरांचा पगार निघतो आणि घरात चूल पेटते.

आमचा लहान व्यावसायिकाला सल्ला थोडक्यात असा. अर्ज लिहिण्यापूर्वी पाच प्रश्नांची उत्तरे कागदावर मांडावीत. मी नसेन तेव्हा हा धंदा कोणी चालवावा? माझ्या परवान्याच्या नियमांत मृत्यू, हस्तांतर आणि भागीदार-संचालकांतील बदल यांविषयी काय लिहिले आहे? धंद्यात ज्यांचा पैसा आहे ते सर्व कागदावर आहेत काय? कर्ज बुडाले तर घरापर्यंत काय पोहोचेल? आणि वर्षाचा हिशेबखर्च किती झेपेल? धंदा बेताचा, कर्ज नाही आणि परवान्याच्या नियमांत पत्नीच्या नावे बदल सुलभ असेल, तर एकल मालकी ठेवावी. मात्र ज्याच्या हाती कारभार खरोखर आहे त्याच्या वा तिच्या नावाने. पुढची पिढी धंद्यात येणार असेल, तर पति, पत्नी व सज्ञान मूल अशा तिघांची एलएलपी बहुधा श्रेयस्कर. तिघे असावेत, म्हणजे एक गेल्यावरही संस्थेचा तोल सुटत नाही. भागीदारीच करावयाची तर नोंदणी करावी आणि दोघांवर थांबू नये.

शासनाकडेही आमचे मागणे आहे. परवान्याच्या प्रत्येक अर्जात पश्चात वारस म्हणून धंदा कोण चालविणार, हा रकाना असावा. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर हयात पति वा पत्नीला निदान सहा महिने तात्पुरता व्यवहार करण्याची मुभा राज्याच्या सर्व परवाना-नियमांत एकसारखी असावी. एकल मालकीतून स्वतःच्याच कुटुंबाच्या संस्थेत परवाना नेताना नव्या अर्जदाराइतके शुल्क आकारू नये. आणि हे सारे मराठीत व कोकणीत, सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत, त्याच खिडकीवर टांगलेले असावे.

२००९ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या फेणीचा आपण गौरव करतो, तिला राज्याचा वारसा म्हणतो. वारसा बाटलीतल्या द्रव्याचा असतो तितकाच ते गाळणाऱ्या घराण्यांच्या कसबाचा असतो. भट्टी, तावेर्न, खानावळ, औषधाचे दुकान ही गावाची चालती-बोलती संस्था असते, आणि ती एका माणसाच्या आयुष्याएवढीच टिकावी असे कोणालाच वाटत नाही. ती पिढ्यान् पिढ्या टिकविण्याची साधने कायद्याने आपल्या हाती ठेवली आहेत. ती वापरावयाची वेळ परवाना मागण्याच्या आधीची आहे; नंतर उरतो तो वकिलाचा खर्च.